हाताचे काम आणि हाताचा उपचार: थळच्या किनाऱ्यावरून पाहिलेला पक्षाघात-पुनर्वसनाचा इतिहास

अलिबागच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, समुद्र आणि भातखाचरे यांच्यामधल्या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात वसलेले थळ हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत येते ते मुख्यतः समोरच्या खांदेरी आणि उंदेरी या दोन बेटांमुळे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली तेव्हा माणसे, दगड आणि धान्य याच किनाऱ्यावरून होड्यांनी पलीकडे जात होते, मुंबईचे इंग्रज ती वाहतूक तोडण्यासाठी झगडत होते, आणि १६८० च्या आरंभी सिद्दीने उंदेरीवर ठाण मांडल्यावर थळ हे दोन बेटांच्या तोफांसमोरचे गाव बनले. या राजकीय इतिहासाखाली गावाचा आणखी एक इतिहास आहे, तो हातांच्या श्रमाचा. आणि पक्षाघाताने निकामी झालेला हात पुन्हा हलता करण्याची विद्या गेल्या शे-दीडशे वर्षांत कशी घडली हे पाहू लागले म्हणजे हा दुसरा इतिहास वैद्यकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो, कारण ही विद्या अनेक वळणे घेऊन अखेर ज्या निष्कर्षाशी पोचली तो असा की दुबळा हात सुधारायचा असेल तर त्याला त्याच्या ओळखीचे, अर्थपूर्ण काम पुन्हापुन्हा करायला लावले पाहिजे.

थळ ज्या अष्टागराचा भाग आहे, म्हणजे अलिबाग तालुक्यातील बागायती गावांच्या ज्या किनारपट्टीत ते मोडते, तेथील अर्थव्यवहार पिढ्यानपिढ्या दोन्ही हातांच्या मेळावर चालत आला. वाडीत पोफळीवर चढणे, सुपारी सोलणे, नारळ लोखंडी टोकावर आपटून त्याचे सोडण काढणे, सोडणाचा काथ्या करून त्याचे सुंभ वळणे. कोळीवाड्यात डोल म्हणजे ओहोटी-भरतीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे विणणे, ते ओढणे, फाटले की सांधणे. भात निघाल्यावर त्याच जमिनीत घेतल्या जाणाऱ्या पांढऱ्या कांद्याच्या पाती एकमेकींत गुंफून माळा बांधणे, ही सारी कामे एका हाताने होत नाहीत. एक हात धरतो आणि दुसरा करतो, आणि धरणाऱ्या हाताची किंमत तो गेल्याशिवाय कळत नाही. घरातही तेच आहे. विळीवर मासा कापताना पात्याची पाटी पायाखाली दाबलेली असते आणि मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर लोटायचा असतो, म्हणून सुरीने एकहाती जमेल ते विळीवर जमत नाही. तांदळाची भाकरी हातावर थापायची तर दोन तळवे लागतात, आणि काष्ट्याचे लुगडे नेसायलाही दोन्ही हात लागतात. शिवाय उजवा हात जेवणाचा आणि डावा शौचाचा ही विभागणी इतकी खोल रुजलेली आहे की कोणती बाजू गेली यावर माणसाच्या लाजेचे स्वरूप ठरते: उजवी गेली तर डाव्या हाताने पानावर जेवण्याची लाज, डावी गेली तर सर्वांत खाजगी गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची. पुनर्वसनाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत बटणे लावणे आणि काट्या-चमच्याने खाणे यांची जी उदाहरणे येतात ती येथे अपुरी पडतात, ती यामुळे.

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबल्याने किंवा रक्तवाहिनी फुटल्याने त्या भागाची हानी होणे, आणि मेंदूतून निघणारे हालचालीचे बहुतेक तंतू खाली येताना बाजू बदलत असल्यामुळे डाव्या मेंदूतील हानी उजव्या अंगावर व उजव्या मेंदूतील हानी डाव्या अंगावर उमटते. बहुसंख्य झटके ज्या मधल्या मोठ्या धमनीच्या क्षेत्रात येतात, तेथेच चेहऱ्याच्या आणि हाताच्या हालचालींचे केंद्र विस्तारलेले असते, पायाचे केंद्र मात्र बरेचसे दुसऱ्या धमनीकडे असते. म्हणून पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत काठीने चालू लागतात आणि त्यांचा हात मात्र बाजूला लोंबत राहतो. त्यातही एक फरक आहे. चालणे पांगळ्या पायालाही भाग पडते, कारण एका पायाने घरात फिरता येत नाही, पण हाताचे काम दुसरा हात उचलून धरतो आणि दुबळ्या हाताला कोणी विचारीत नाही. आरंभी सैल पडलेला हात पुढे बहुधा ताठरतो: कोपर दुमडते, मनगट खाली वळते, बोटे मुठीत आखडतात, आणि खांद्याभोवतीचे स्नायू सैल असल्याने हाताच्या वजनानेच खांद्याचा सांधा थोडा निसटून दुखू लागतो. रुग्णाला उठवताना नातेवाइकांनी त्याच काखेत हात घालून किंवा तोच हात ओढून आधार दिला तर ही दुखापत वाढते, आणि दुखरा खांदा हा हाताच्या सुधारणेतला फार मोठा अडथळा ठरतो.

अंगावरून वारे गेले, असे ज्या आजाराला मराठी खेड्यांत म्हणतात तो आयुर्वेदाने वाताच्या विकारांत धरलेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याचे वर्णन वातव्याधींबरोबर येते आणि स्वेदन म्हणजे शेक देऊन घाम आणणे व स्नेहयुक्त विरेचन म्हणजे तुपा-तेलासह दिलेले रेचक यांवर त्याचा भर आहे. सुश्रुतसंहितेतील विवेचन पुनर्वसनाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे, कारण उपचार कोणावर करावा हे ते आधी ठरवते: ज्याचे अंग वाळलेले नाही, ज्याला त्या अंगात वेदना जाणवते, ज्याचे मन खंबीर आहे आणि ज्याच्याजवळ साधने आहेत अशाला हाती घ्यावे, आणि शोधन म्हणजे शरीरशुद्धी, बस्ती म्हणजे गुदमार्गे दिलेले औषध व अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणे यांचा क्रम तीन-चार महिने चालवावा. संवेदना शिल्लक असणे, स्नायू न वाळणे, रुग्णाची इच्छा आणि घरची ऐपत हे चारही निकष आजच्या कोणत्याही पुनर्वसन विभागात ओळखीचे वाटतील, आणि तीन-चार महिन्यांची मुदत तर आधुनिक निरीक्षणांच्या अगदी जवळ जाते, कारण हाताची बहुतांश नैसर्गिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांतच होते. ग्रंथांतले हे तारतम्य गावात उतरताना मात्र बहुतेक गळून पडले आणि तेल तेवढे राहिले. कोकण किनाऱ्यावर ते बहुधा खोबरेल, करंजेल किंवा उंडीच्या बियांचे तेल असते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक त्याच्या जोडीला येतो, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कबुतराचे रक्त चोळण्याची व त्याचे मांस खाऊ घालण्याची समजूतही आढळते.

या चोळण्याची निर्भर्त्सना करण्यात अर्थ नाही. रोज दोन वेळा कोणीतरी त्या हाताला स्पर्श करते, सांधे सावकाश हलवते, त्वचा जपते, आणि त्यामुळे सांधे आखडण्याचे प्रमाण कमी राहू शकते, एवढे त्याचे मोल निश्चित आहे. परंतु चोळणारा हात काम करतो आणि चोळला जाणारा हात निजून राहतो, ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा आहे. मेंदूला त्यातून हालचालीचा हेतू, प्रयत्न आणि चूक यांपैकी काहीच मिळत नाही. आणि कबुतराच्या शोधात किंवा एखाद्या गावच्या प्रसिद्ध औषधाच्या वाऱ्या करण्यात पहिले आठवडे निघून गेले तर जो काळ सर्वांत मोलाचा तोच वाया जातो.

ही मर्यादा पाश्चात्त्य वैद्यकालाही उशिरा कळली. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य झटका देऊन विरुद्ध बाजूचे पाय हलवून दाखवले आणि हालचालींची केंद्रे मेंदूत ठरावीक जागी असतात हे सिद्ध केले, पण त्या शोधाचा एक निराशाजनक अर्थ असा लावला गेला की केंद्र नष्ट झाले म्हणजे हालचालही कायमची गेली. १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रांझ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत याला छेद देणारी गोष्ट दिसली: हालचालीच्या केंद्राला इजा झालेल्या माकडाचा चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताला काम करायला भाग पाडले तर काही आठवड्यांतच हालचाल बरीच परतली. हा निष्कर्ष पुढची अनेक दशके जवळपास दुर्लक्षित राहिला. १९५१ साली ट्विचेल या संशोधकाने पक्षाघाताच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून सुधारणेचा एक क्रम मांडला, तो असा की आधी ताठरपणा येतो, मग सारा हात एकदम दुमडण्याची ढोबळ हालचाल येते, आणि त्यानंतर, येणार असेल तर, एकेक सांधा स्वतंत्रपणे हलू लागतो. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या स्वीडिश-अमेरिकन भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी याच क्रमाच्या पायऱ्या करून उपचार बांधला, तर जर्मनीतून लंडनला आश्रयास आलेल्या बेर्टा बोबाथ आणि त्यांचे पती कारेल यांनी ताठर, चुकीच्या हालचाली दाबून शुद्ध हालचाल शिकवण्याची वेगळी वाट धरली. या दोन पंथांमधील वाद विसाव्या शतकाचा उत्तरार्ध व्यापून राहिला आणि त्याचे पडसाद भारतातल्या अभ्यासक्रमांतही उमटले.

मुंबईच्या बंदराच्या पलीकडे, थळपासून समुद्रमार्गे थोड्याच अंतरावर, याच काळात या विद्येचा भारतीय आरंभ होत होता, आणि त्याच्या मुळाशी पक्षाघात नव्हता. आरंभाची दोन कारणे म्हणजे युद्ध आणि पोलिओ. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पोलिओने पाय-हात लुळे झालेल्या मुलांसाठी फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीच्या आजारातून मिळालेल्या अनुभवाच्या बळावर, १९४७ साली मुंबईत उपचारकेंद्र सुरू केले आणि त्या कार्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली, ती आशियातील अशी पहिली शाळा मानली जाते. त्यानंतर थोड्याच काळात, मुंबईतील पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. भौतिकोपचार म्हणजे व्यायाम, शेक, विद्युत्-प्रवाह आदी भौतिक साधनांनी हालचाल सुधारणे, आणि व्यवसायोपचार म्हणजे माणसाला त्याच्या नित्याच्या कामांतून व कामांसाठी पुन्हा सक्षम करणे, असा ढोबळ भेद येथे लक्षात ठेवावा लागतो.

कमला निंबकर यांच्याविषयी मराठी वाचकाने अधिक जाणून घ्यायला हवे, कारण त्यांचे नाव फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे अनेकांच्या परिचयाचे असले तरी त्यांचे मूळ कार्य मात्र विस्मरणात गेले आहे. १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात, म्हणजे अहिंसा आणि साधेपणा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात, एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या या बाईंनी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह केला, १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या, येथील नाव आणि येथील जीवन त्यांनी स्वीकारले, आणि चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी केईएममधील शाळा उभी केली, १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना बांधली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या या व्यवसायाच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव आले. पुढे नागपूरलाही त्यांच्या प्रयत्नांतून अशी शाळा निघाली. स्वातंत्र्य मिळून तीनच वर्षे झालेल्या, फाळणीचे घाव ताजे असलेल्या देशात, जेथे रोगी जगला हेच पुष्कळ मानले जाई, तेथे जगलेल्या माणसाने पुन्हा काम करावे हा वैद्यकाचा विषय आहे असे आग्रहाने सांगणे हे धाडसाचे होते. पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य रुग्णालयांत रुजलेली माग, टोपल्या, सुतारकाम ही या उपचाराची साधने भारतात आली तेव्हा त्यांना गांधीयुगाची पार्श्वभूमी लाभली, आणि सूत काढणे वा विणणे हे हीन मानले न जाता उपचार म्हणून स्वीकारले जाण्याला त्या हवेचा उपयोग झाला असला पाहिजे. मागावर धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, दुबळ्या हाताला निदान झेलावे तरी लागते. उभ्या मागावर खांदा उचलावा लागतो. आणि तयार होणारे कापड रुग्णाला त्याच्या प्रगतीचा दिसणारा पुरावा देते. थळच्या वाड्यांत आणि कोळीवाड्यात जे रोज चालत होते त्याचेच वैद्यकीय रूप परळच्या रुग्णालयात शिकवले जात होते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

तरीही या दोहोंमध्ये समुद्र होता, आणि तो केवळ नकाशावरचा नव्हता. गेटवे आणि मांडवा यांच्यामधल्या लाँच पावसाळ्यात बंद राहतात. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणे किंवा धरमतरच्या खाडीच्या बाजूने, पेणमार्गे वळसा घालून जाणे, हे अर्धांग लुळे पडलेल्या माणसाला उचलून नेणाऱ्या कुटुंबासाठी मोठेच संकट होते. मांडव्याला गाडीसह माणसे नेणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. पुनर्वसन हा एकदा करून मोकळे होण्याचा उपचार नाही, त्याला आठवड्यातून अनेक वेळा, महिनोन् महिने जावे लागते, आणि शस्त्रक्रियेसाठी एकदा मुंबई गाठणारे घर फिजिओथेरपीसाठी रोज मुंबई गाठू शकत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांना मुंबईतील या संस्थांचा लाभ जो झाला तो तुटक राहिला: पंधरवड्याचा व्यायाम शिकून यायचे, कागदावर काढलेली चित्रे भिंतीला लावायची, आणि तुळईला कप्पी अडकवून दोरीने चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायचा. दुर्दैवाने ही कप्पीच घातक ठरू शकते हे पुढे दिसून आले; १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात डोक्यावरच्या कप्पीने व्यायाम करणाऱ्या रुग्णांतच खांदेदुखी सर्वाधिक आढळली, कारण खांद्याचे पाठीमागचे पाते न फिरता हात नुसता वर खेचला जातो आणि सांध्यातले मऊ भाग चेंगरतात.

पोलिओ ओसरला आणि पक्षाघात वाढला, हा बदल विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुनर्वसन विभागांच्या दारात उभे राहणाऱ्या माणसाचे वयच बदलून गेला. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्येवर आधारित नोंदणीत दर लाख वस्तीत वर्षाला सुमारे १४५ नवे पक्षाघात आढळले. हा शहरी, श्रीमंतांचा रोग असल्याचा समज गडचिरोलीत पुसला गेला: सर्च या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, दर शंभर मृत्यूंत चौदाहून अधिक, आणि त्यांतले सत्त्याऐंशी टक्के मृत्यू घरीच झालेले होते. सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकार यांच्या जोडीने पक्षाघाताचे नाव घेऊन राष्ट्रीय कार्यक्रम आखला, पण त्याचा कल रक्तदाब मोजण्याकडे आणि औषधे देण्याकडे राहिला; झटका येऊन गेल्यावर लोंबणाऱ्या हाताचे काय करायचे याला त्यात फारशी जागा मिळाली नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

दरम्यान ऑग्डेन आणि फ्रांझ यांचा विसरलेला धागा एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुन्हा उचलला होता. माकडाच्या हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्यावर ते तो हात वापरणे सोडून देते, पण चांगला हात बांधला तर तोच हात पुन्हा वापरू लागते, असे त्याला दिसले, आणि त्यावरून त्याने मांडले की अनेक रुग्णांत हात जितका निकामी दिसतो तितका तो नसतो. आरंभीच्या अपयशांमुळे न वापरण्याची सवय शिकली गेलेली असते. १९८१ साली त्याच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालअपेष्टा उघडकीस आल्या, खटला झाला, आणि त्या हाल-प्रकरणाची सावली या ज्ञानावर आजही आहे, हे नोंदवलेच पाहिजे. १९९३ साली त्याने अवघ्या नऊ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जागेपणीचा बहुतेक वेळ चांगला हात झोळीत ठेवून दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास कामे करून घेण्यात आली होती. २००६ साली अमेरिकेतील २२२ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीने या पद्धतीला दुजोरा दिला. तिची अट मात्र विसरता कामा नये: मनगट आणि बोटे स्वतःच्या बळावर थोडी तरी उघडता आली पाहिजेत, आणि ज्यांची मूठ मुळीच उघडत नाही अशा, संख्येने बऱ्याच, रुग्णांना तिचा उपयोग नाही. पहिल्या काही दिवसांत बोटे किंचितही उघडली आणि खांदा थोडाही बाजूला उचलला गेला तर हात कामाचा होण्याची आशा पुष्कळ असते, आणि तसे न झाल्यास ती कमी असते, हे नेदरलँड्समधील संशोधनाने दाखवले आहे; हे घरच्यांना वेळेवर आणि खरे खरे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

भारतासारख्या देशात तज्ज्ञ थोडे आणि कुटुंबे मोठी, तेव्हा नातेवाइकांनाच शिकवून घरी व्यायाम करवून घ्यावा, ही कल्पना साहजिकच पुढे आली. तिची कसोटी १४ भारतीय रुग्णालयांत, १२५० रुग्णांवर पाहण्यात आली आणि २०१७ साली निष्कर्ष आला तो असा की सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंत वा परावलंबनात त्यामुळे काहीही फरक पडला नाही. या निष्कर्षाने अनेकांची निराशा झाली, आणि ती प्रामाणिकपणे पत्करली पाहिजे. त्यातून कुटुंबाची माया निरुपयोगी ठरते असे नाही, पण थोड्या शिकवणीवर सुनेला किंवा पत्नीला तज्ज्ञाच्या जागी उभे करून व्यवस्थेने हात झटकावेत, याला त्यामुळे आधार उरलेला नाही. माणसामागे एक माणूस ठेवायचा तर त्या माणसाच्या मागे शिकलेला तज्ज्ञ लागतो, आणि तो तालुक्याला, निदान जिल्ह्याला, आठवड्याच्या ठरल्या दिवशी भेटणारा लागतो. महाराष्ट्राने भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या दोन्ही शाखांसाठी स्वतःची वैधानिक परिषद देशाच्या आधी स्थापली, पण राष्ट्रीय पातळीवर त्यांना कायद्याचे छत्र मिळायला २०२१ साल उजाडले, केईएममधील त्या शाळेनंतर एकाहत्तर वर्षांनी.

थळसारख्या गावात या ज्ञानाचा विनियोग करायचा तर मागाची गरज नाही, कामे तेथे आहेतच. त्यांना फक्त वैद्यकीय क्रम लावायला हवा. अगदी दुबळ्या हाताला आधी धरण्याचे काम द्यावे लागते: चांगल्या हाताने जाळे सांधताना जाळ्याचा काठ त्याच्या वजनाखाली दबलेला ठेवणे, परातीत पीठ मळताना परात धरून ठेवणे. मूठ मिटते पण उघडत नाही अशा टप्प्यावर सुंभाचा पीळ धरणे जमते, पण तो सोडणे जमत नाही, आणि खरा व्यायाम त्या सोडण्याचाच असतो. बोटे थोडी उघडू लागली की सोललेल्या सुपाऱ्या एकेक उचलून टोपलीत टाकणे आणि कांद्याच्या पाती सरळ करून गुंफणाऱ्याच्या हाती देणे ही कामे तासभर चालवता येतात, ज्यांत शेकडो वेळा तीच हालचाल घडते आणि जी रबरी चेंडू दाबण्याच्या व्यायामापेक्षा कितीतरी अधिक काळ मन धरून ठेवतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या माळांना बाजारात मान वाढला आहे, म्हणून हे काम रुग्णाला दयेने दिलेले वाटत नाही. काही कामांत मात्र सावधगिरी हवी. ओल्या होडीवर, झाडावर किंवा विळीसमोर संवेदना हरवलेला हात धोक्यात येतो, कारण कापलेले त्याला कळत नाही.

पण याच कामांतली काही गावातून निघून चालली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुती आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, यंत्रावर विणलेले जाळे विकत मिळू लागले आणि कोळीवाड्यात हाताने विणण्याऐवजी मुख्यतः सांधण्याचे काम उरले. काथ्याच्या दोराला प्लॅस्टिकच्या दोराने हटवले. मुंबई हायच्या वायूवर चालणारा खताचा मोठा कारखाना १९८० च्या दशकात थळला उभा राहिल्यावर शेतीवाडीवर वाढलेल्या अनेक घरांतली तरुण मुले पाळीच्या नोकऱ्यांकडे वळली. साठीच्या घरात पक्षाघात होणाऱ्या पिढीने मात्र ती कामे तरुणपणी केलेली आहेत, आणि त्यांच्या हातांची ओळख अजून त्याच कामांशी आहे. म्हणून उपचारकाने रुग्णाला पहिला प्रश्न विचारावा तो हा की हा हात आयुष्यभर काय करीत आला, आणि त्या उत्तरावरून व्यायाम ठरवावा.

जेथे हात परत येत नाही तेथे दुसरी वाट घ्यावी लागते, आणि व्यवसायोपचाराने ती कधीच कमी प्रतीची मानलेली नाही: विळीऐवजी सुरी, कांदा किंवा बटाटा रोवून धरायला खिळे ठोकलेली लाकडी फळी, काठ उंच असलेली ताटली, पुढून बंद होणारे कपडे, डाव्या हाताने सही करण्याचा सराव. प्रयत्न कुठे थांबवायचा आणि ही पर्यायी वाट कधी धरायची हा निर्णय रुग्णाच्या आयुष्यातला फार अवघड निर्णय असतो. तीन-चार महिन्यांची मुदत त्याला आधार देते, पण ती मुदत संपल्यावरही काही रुग्णांत बोटांची हालचाल सावकाश वाढत राहते, त्यामुळे फळी आणि सुरी हाती दिल्यानंतरही सुपारीची टोपली दुबळ्या हाताजवळून उचलून नेऊ नये.